रुग्णालयातील जंतुसंसर्ग आणि त्यावरील पहारा

जोगेश्वरी पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला, बृहन्मुंबई महानगरपालिकेचे हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. महामार्गावरील अपघातग्रस्तांना वेळेवर उपचार मिळावेत हा त्याच्या उभारणीमागील प्रमुख हेतू. परंतु आसपासच्या दाट वस्तीला इतर आजारांसाठीही त्याचाच आधार वाटतो. मोतीबिंदूचे वृद्ध रुग्ण तेथे येतात ते याच विश्वासाने.

४ जानेवारी २०१९ रोजी या रुग्णालयात सात रुग्णांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी पाच जणांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. डोळे सुजले, वेदना असह्य झाल्या, आणि रुग्णांना परळच्या केईएम रुग्णालयात हलवावे लागले. स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे हा संसर्ग झाल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. उपचारांची शर्थ करूनही काहींची त्या डोळ्याची दृष्टी गेली. महापालिकेने चौकशीचा आदेश दिला. अशी घटना केवळ जोगेश्वरीतच घडली असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथील एका नेत्ररुग्णालयात एकाच दिवशी ६५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतरच्या संसर्गामुळे अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले.

दृष्टी मिळावी म्हणून आलेला माणूस दृष्टी गमावून परत जातो, तेव्हा लोकांचा रोष साहजिकच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर ओढवतो. पण शल्यविशारदाचा हात कितीही निष्णात असला तरी अशा घटनेचे मूळ पुष्कळदा त्या हातात नसते. ते नळात असते, बाटलीत असते, वाफेच्या यंत्रात असते, किंवा कोणी भरावयाच्या राहून गेलेल्या नोंदवहीत असते. ही ठिकाणे रोज पाहत राहणे हे रुग्णालयातील एका स्वतंत्र व्यवसायाचे काम आहे. त्याला जंतुसंसर्ग प्रतिबंध असे म्हणतात. वॉर्डात मात्र हे काम पाहणाऱ्या परिचारिकेची ओळख ‘इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर’ एवढीच असते.

एक जंतू आणि अनेक वाटा

स्यूडोमोनास हा ओलाव्याचा जंतू आहे. बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोटीत, आर्द्रता देणाऱ्या यंत्राच्या पाण्यात, पुसण्याच्या ओल्या फडक्यात तो सुखाने राहतो. त्याला अन्न फारसे लागत नाही. शुद्ध म्हणून ठेवलेल्या पाण्यात, एवढेच नव्हे तर प्रमाणापेक्षा पातळ केलेल्या काही जंतुनाशकांतही तो तग धरतो. धडधाकट माणसाच्या कातडीवर तो आला आणि गेला तरी कळत नाही. डोळ्याची गोष्ट निराळी. डोळ्याच्या पोकळीत भरलेल्या पारदर्शक द्रव्याला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची संरक्षक दले तेथे वेळेवर पोहोचू शकत नाहीत. थोडेसे जंतू आत शिरले तरी एकदोन दिवसांत नेत्रपटलाचे भरून न येणारे नुकसान होऊ शकते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरावलेल्या हाताला पंधरा-वीस मिनिटांत उरकते. या थोड्या वेळात डोळ्याच्या आत किती वस्तू जातात याची यादी केली तर सामान्य वाचकास आश्चर्य वाटेल. डोळा धुऊन काढणारा द्रव, तो वाहून नेणारी नळी, भिंग फोडणाऱ्या यंत्राचे टोक, भिंगाचे आवरण दिसावे म्हणून वापरला जाणारा निळा रंग, डोळ्याचा आकार टिकवणारा चिकट पदार्थ, कृत्रिम भिंग, आणि अखेर औषधाचे थेंब. यांपैकी प्रत्येक वस्तू ही जंतूला आत येण्याची एक वाट आहे. रुग्णाच्या पापण्यांवरील जंतूंचा बंदोबस्त शस्त्रक्रियेपूर्वी पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणाने करतात. पण उरलेल्या वाटांवर पहारा ठेवावा लागतो तो शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर, कित्येक तास आणि कधी कित्येक दिवस आधीपासून.

एका रुग्णाला संसर्ग झाला तर त्याचे कारण त्या रुग्णापुरते असू शकते. एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात पाच जणांना झाला तर या पाच जणांत समाईक काय होते, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. द्रवाची बाटली एकाच उत्पादन-तुकडीची होती काय? हत्यारे वाफेच्या एकाच खेपेत निघाली होती काय? नळी प्रत्येक रुग्णागणिक बदलली गेली काय? ज्या दोघांना संसर्ग झाला नाही ते यादीत पहिले होते की शेवटचे? या प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा मार्ग एकच. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर बाटलीचा तुकडी-क्रमांक, भिंगाची चिकटपट्टी आणि हत्यारांच्या संचाच्या निर्जंतुकीकरणाचा खेप-क्रमांक त्याच वेळी नोंदलेला असला पाहिजे. नोंद नसेल तर चौकशी समितीला तर्कावर विसंबावे लागते. आणि तर्काने ठरवलेले कारण दुरुस्त करून भागत नाही, कारण खरे कारण तसेच राहते व पुढच्या यादीची वाट पाहते.

वाफेचे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी बहुतेक रुग्णालयांत ऑटोक्लेव्ह वापरतात. हा घरच्या प्रेशर कुकरचाच थोरला भाऊ म्हणावा. चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१ अंश सेल्सियसपर्यंत जाते. या वाफेत हत्यारे ठराविक वेळ राहिली म्हणजे अत्यंत चिवट जंतूंची बीजेही मरतात. कापडात गुंडाळलेल्या संचाला अर्थातच अधिक वेळ लागतो. १३४ अंशांवर हेच काम काही मिनिटांत होते.

यात मेख अशी की मारण्याचे काम वाफ करते, नुसती उष्णता नव्हे. यंत्रात ड्रम खच्चून भरले, कापडाच्या घड्या घट्ट बांधल्या, तर आतली हवा निघत नाही आणि मधल्या हत्याराला वाफ शिवत नाही. संचावर लावलेल्या पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात आणि पाहणाऱ्यास काम झाले असे वाटते. वस्तुतः ती पट्टी एवढेच सांगते की हा संच यंत्रात जाऊन आला. आतले जंतू मेले की नाही हे सांगण्याची तिची शक्ती नाही. त्यासाठी संचाच्या आत वेगळी रासायनिक पट्टी ठेवावी लागते. शिवाय ठराविक मुदतीने जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या निरुपद्रवी जंतूच्या बीजांची कुपी यंत्रात घालून ती मेली की नाही हे पाहावे लागते. यंत्रातून ओला निघालेला संच कितीही तापून निघाला असला तरी वापरावयाचा नसतो. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत झिरपतात.

हे सर्व नियम निर्जंतुकीकरण विभागातील कर्मचाऱ्यांना माहीत नसतात असे नाही. अडचण वेगळी असते. शस्त्रक्रियांची यादी लांब आणि हत्यारांचे संच थोडे असले म्हणजे पहिल्या रुग्णाचे हत्यार तिसऱ्यासाठी लगेच हवे असते. मग वेळ कापला जातो, किंवा हत्यार द्रावणात बुडवून काढले जाते. ग्लुटराल्डिहाइडच्या दोन टक्के द्रावणात वस्तू खरोखर निर्जंतुक होण्यास दहा तास लागतात. वीस मिनिटांत होते ते फक्त उच्च प्रतीचे जंतुनाशन, आणि डोळ्याच्या आत जाणाऱ्या हत्याराला ते पुरेसे नाही. म्हणून जंतुसंसर्ग प्रतिबंधाच्या परिचारिकेने यादी पाहिली की तिच्या मनात पहिली बेरीज होते ती संचांची. सात रुग्ण असतील तर संच किती? उत्तर समाधानकारक नसेल तर ‘आज चारच घ्या’ असे म्हणण्याचा अधिकार तिला असला पाहिजे. तो कागदावर बऱ्याच ठिकाणी असतो. सकाळी साडेआठ वाजता, शल्यविशारद हातमोजे घालून उभे असताना तो वापरता येतो की नाही, यावरून त्या रुग्णालयाची खरी परीक्षा होते.

या व्यवसायाचा उगम

हात न धुतल्यामुळे माणसे मरतात हे आकड्यांनी प्रथम दाखवून दिले ते व्हिएन्ना येथील प्रसूतिरुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी. शवविच्छेदन करून आलेले वैद्यकीय विद्यार्थी तसेच प्रसूती करीत. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागातील शेकडा अठरा माता दगावल्या. मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती झाली आणि जूनमध्ये हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. तेव्हा जंतूंचा सिद्धान्त मान्य व्हावयाचा होता. सेमेलवाइस यांचे म्हणणे समव्यावसायिकांना पटले नाही. डॉक्टरांचे हात अस्वच्छ असतात असे कोणी सांगितलेले त्यांना खपले नाही, हे त्यामागील एक कारण होते. ते आजही पुरते नाहीसे झाले आहे असे म्हणवत नाही.

हे काम स्वतंत्र पद म्हणून पुढे आले ते बऱ्याच नंतर. इंग्लंडमधील टॉर्की येथील टॉर्बे रुग्णालयात १९५९ मध्ये जंतुसंसर्ग नियंत्रणासाठी पूर्णवेळ परिचारिका नेमण्यात आली. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंनी त्या काळी रुग्णालयांत थैमान घातले होते. पुढे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९७० च्या दशकात शेकडो रुग्णालयांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्गाची नियमित मोजणी, ती मोजणी शल्यविशारदांना कळवण्याची पद्धत, प्रशिक्षित डॉक्टर आणि दर २५० खाटांमागे एक पूर्णवेळ परिचारिका एवढे जेथे होते तेथे संसर्ग शेकडा ३२ ने कमी झाले. जेथे असे काही नव्हते तेथे ते वाढत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २५० खाटांमागे एक हे किमान प्रमाण मानले आणि शक्य तेथे १०० खाटांमागे एक असावी असे सुचवले. भारत सरकारने जानेवारी २०२० मध्ये या विषयावरील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तत्पूर्वी, २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सार्वजनिक रुग्णालयांचे गुणांकन करताना जंतुसंसर्ग नियंत्रणाचा स्वतंत्र विचार करण्यात आला होता.

प्रश्न किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच एखादा तरी संसर्ग जडतो. बाधितांपैकी साधारणपणे दहांतला एक दगावतो.

वॉर्डातील फेरी

अपघातग्रस्तांच्या रुग्णालयात हे काम अधिक कठीण असते. महामार्गावरून आलेल्या जखमीच्या मोडलेल्या हाडात माती आणि डांबराची खडी असते. अतिदक्षता विभागात त्याच्या श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी, शिरेत सलाईनची नळी आणि मूत्राशयात लघवीची नळी अशा तीन वाटा शरीरात उघड्या राहतात. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू अशा विभागांत मुक्काम ठोकून असतात आणि त्यांतील अनेकांवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत.

म्हणून फेरीत विचारावयाचा सर्वांत उपयुक्त प्रश्न अगदी साधा असतो. ही नळी आज हवी आहे काय? आठ दिवसांपूर्वी घातलेली लघवीची नळी रुग्ण शुद्धीवर येऊन दोन दिवस झाले तरी तशीच असते, कारण ती काढण्याचा हुकूम कोणी दिलेला नसतो. नळी निघाली की संसर्गाची वाटच बंद होते. त्यासाठी कोणतेही महाग औषध लागत नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या खाटेची डोकेबाजू ३० ते ४५ अंश उचललेली आहे काय, तोंडाची स्वच्छता झाली काय, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली तर नाही ना, हे पाहून ती पुढच्या खाटेकडे वळते.

मोजणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या विभागात महिनाभर रोज सरासरी २० रुग्णांना लघवीची नळी असेल तर ३० दिवसांत ६०० नळी-दिवस होतात. त्या महिन्यात मूत्रमार्गाचे तीन संसर्ग आढळले तर दर हजार नळी-दिवसांमागे पाच असे प्रमाण पडते. नुसते ‘तीन रुग्ण’ म्हटल्याने काही कळत नाही, कारण पुढील महिन्यात नळ्याच कमी असतील. हे आकडे दरमहा समितीपुढे येतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. ज्या विभागात शून्य संसर्ग असल्याचे महिनोन्‌महिने कळवले जाते तेथे कौतुकाआधी तपासणी करावी. लघवी किंवा रक्त तपासणीला पाठवलेच नाही तर संसर्ग आढळणार कोठून?

हात, सुई आणि धूर

हात स्वच्छ करण्याविषयी भिंतीवर तक्ते सर्वत्र असतात. अल्कोहोलचे द्रावण हातावर वीस ते तीस सेकंद चोळावे, साबण-पाण्याने धुवावयाचे तर सगळे मिळून चाळीस ते साठ सेकंद द्यावेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यानंतर आणि रुग्णाच्या परिसराला हात लागल्यानंतर अशा या पाच वेळा आहेत. तीस रुग्णांमागे दोन परिचारिका असलेल्या वॉर्डात या सर्व वेळा पाळावयाच्या तर पाळीतील केवढा भाग त्यातच जाईल याचा हिशेब टीकाकारांनी जरूर करावा. द्रावणाची बाटली दाराशी न ठेवता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी अडकवली तर पावले वाचतात. प्रवचनापेक्षा अशा सोयीचा उपयोग अधिक होतो.

सफाई कामगार मावशी आणि वॉर्डबॉय मामा यांना या कामात सर्वांत खालचे स्थान दिले जाते. वास्तविक धोका त्यांनाच सर्वांत जवळचा. सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रक्तातून यकृतदाहाच्या बी प्रकाराचा संसर्ग शेकडा ३० पर्यंत, सी प्रकाराचा शेकडा सुमारे दोन-तीन आणि एचआयव्हीचा हजारी तीनच्या आसपास होऊ शकतो. बी प्रकाराविरुद्ध लस आहे. तिच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी घ्यावयाच्या असतात. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे शक्य तर दोन तासांच्या आत व कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कंत्राटी कामगाराला हे ठाऊक नसले आणि ‘सांगितले तर कामावरून काढतील’ ही भीती असली तर तो बोट पिळून, पाण्याखाली धरून कामाला लागतो, आणि ते ७२ तास निघून जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताळलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात जावयाच्या असतात. कचरा वेचणाऱ्याचे बोट सुरक्षित राहते की नाही हे सुई टाकणारा हात ठरवतो, आणि तो हात बहुधा डॉक्टरचा किंवा परिचारिकेचा असतो.

शस्त्रक्रियागृहात फॉर्मालिनचा धूर करण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. डोळे झोंबणारा तो वास आला की सर्वांना निर्धास्त वाटते. हा धूर कर्करोगकारक आहे आणि धूळ किंवा रक्ताचा डाग असलेल्या पृष्ठभागावर त्याचा विशेष उपयोगही होत नाही. नित्याचा उपाय म्हणून आता त्याची शिफारस केली जात नाही. साबण-पाणी, स्वच्छ फडके, ताजे जंतुनाशक, आणि तासाला किमान वीस वेळा गाळलेली हवा बदलणारी व्यवस्था यांचे काम अधिक भरवशाचे आहे. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण रोज नव्याने करावे लागते, कारण ठेवले की त्याचा प्रभाव उतरतो. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक काम वाढते. छताला आलेली ओल, वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांतील बुरशी आणि टाक्यांतील गाळ पाहण्यासाठी या परिचारिकेला अभियंत्यांच्या मागे लागावे लागते.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयातील अनेक परिचारिका व डॉक्टर करोनाने बाधित झाल्यामुळे ते रुग्णालयच बंद करण्याची वेळ आली. संरक्षक पोशाख घालण्यापेक्षा तो उतरवताना अधिक धोका असतो, हा धडा त्या काळात शहरातील हजारो कर्मचाऱ्यांनी आरशासमोर उभे राहून गिरवला. साथ ओसरल्यानंतर ही शिकवणूक टिकवण्याचे काम पुन्हा याच थोड्या परिचारिकांकडे आले. त्यांच्या बाबतीत प्रशासनाने एक पथ्य पाळावयास हवे. वॉर्डात मनुष्यबळ कमी पडले की ‘हिच्याकडे रुग्ण नाहीत’ म्हणून प्रथम हिलाच तेथे पाठवले जाते. मग त्या आठवड्याची मोजणी राहते, बीजांच्या कुपीची तपासणी राहते, आणि खेप-क्रमांकाच्या वहीतील रकाने कोरे राहतात.

रुग्णाच्या नातेवाईकांनाही यात वाटा आहे. भेटीस आलेल्याने खाटेवर बसू नये, रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर द्रावणाने हात चोळावेत, सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. अशा वेळी उपचारांना एका दिवसाचा उशीरही डोळ्याला भारी पडतो.